महागड्या ॲम्प्लिफायरच्या आत काय बघायचं?

२०१० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ‘ऑडिओहोलिक्स’ या संकेतस्थळाने लेक्सिकॉन कंपनीच्या बीडी-३० या ब्लू-रे प्लेअरचं झाकण उघडलं. लेक्सिकॉन हे हरमन समूहातलं वजनदार नाव, आणि प्लेअरची किंमत ३,५०० डॉलर. आत निघाला ओप्पो कंपनीचा बीडीपी-८३, जो बाजारात ४९९ डॉलरला मिळत होता. नुसता सर्किट बोर्ड उचलला असता तर एक वेळ समजलं असतं. इथे ओप्पोचा पत्र्याचा सांगाडाही जसाच्या तसा आत बसवला होता आणि वरून लेक्सिकॉनचं जाड, देखणं कवच चढवलं होतं. मोजमापं घेतली, तीही जुळली.

‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ म्हणत लोक तुटून पडले, आणि त्यांचं चुकलं नाही. पण या गदारोळात एक बारकावा हरवला. ओप्पोचा तो प्लेअर मुळात चांगला होता, चोखंदळ मंडळी तो आवडीने घेत होती. म्हणजे ३,५०० डॉलर मोजणाऱ्याच्या पदरात खराब माल पडला नव्हता. चांगलाच माल पडला होता, फक्त सातपट भावाने. आतली बांधणी चांगली आहे का, तिने आवाज बदलतो का, आणि तिच्यासाठी मागितलेली किंमत रास्त आहे का, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. हाय-एंड ऑडिओवरच्या बहुतेक वादांत ते एकत्र कालवलेले असतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आतली बांधणी महत्त्वाची आहे, खूपच. मात्र ॲम्प्लिफायर, डॅक (डिजिटल आकड्यांचा विजेचा सिग्नल करणारं यंत्र), प्लेअर अशा इलेक्ट्रॉनिक यंत्रांत तिचा परिणाम यंत्राच्या आयुष्यावर, दुरुस्तीवर आणि मागच्या घरघरीवर जितका होतो, तितका आवाजाच्या गोडव्यावर होत नाही. आणि बांधणीतला खरा कामाचा भाग जाहिरातीतल्या फोटोत सहसा दिसत नाही.

तार कुठून जाते

ॲम्प्लिफायरच्या आत काय चालतं ते आधी बघू. भिंतीतून २३० व्होल्टची एसी येते. ट्रान्सफॉर्मर ती खाली आणतो, डायोडचा ब्रिज तिला एका दिशेने वळवतो आणि मग दोन मोठे कपॅसिटर, आपल्या मेकॅनिकच्या भाषेत कंडेन्सर, ती साठवून ठेवतात. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचं काम हे. पंप थोडाच वेळ चालतो, नळाला पाणी दिवसभर येतं. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ही टाकी सेकंदाला १०० वेळा भरते, आणि दर वेळी अगदी थोडा वेळ पण जोरात भरते. सरासरी एखादाच अँपिअर लागत असला तरी भरण्याच्या त्या क्षणी पाच-सहा अँपिअरचा झटका सहज जातो.

आता समजा, हा झटका ज्या तारेतून परत जातो त्याच तारेवर मध्येच कुठेतरी इनपुटचं ग्राउंड, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलची शून्य व्होल्टची बाजू, जोडलंय. तारेच्या तेवढ्या तुकड्याचा रोध धरू ०.०१ ओहम, म्हणजे जवळपास काहीच नाही. ५ अँपिअर गुणिले ०.०१ ओहम बरोबर ०.०५ व्होल्ट, अर्थात ५० मिलिव्होल्ट. सीडी प्लेअर पूर्ण जोरात असताना साधारण २ व्होल्ट देतो. पण विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला नुसता तानपुरा चालू असतो तेव्हा तिथे हाती काही मिलिव्होल्टच असतात. त्यांच्यावर सेकंदाला १०० वेळा ५० मिलिव्होल्टचा टोला बसला तर तानपुऱ्याऐवजी घरघरच ऐकू येणार.

यावरचा उपाय काय? इनपुटचं ग्राउंड त्या दोन कपॅसिटरांच्या मधल्या पट्टीवर न जोडता, तिथून थोडी बाजूला तार काढून एका स्वतंत्र बिंदूला जोडायचं आणि बाकीचीही सगळी ग्राउंड तिथेच आणायची. याला स्टार ग्राउंडिंग म्हणतात. खर्च जवळपास शून्य. सोन्याचा मुलामा दिलेले सॉकेट आणि चांदीची तार लावूनसुद्धा ही एक जोडणी चुकली तर यंत्र घरघरणारच. उलट पाच रुपयांची तांब्याची तार योग्य जागी गेली तर स्पीकरला कान लावला तरी काही ऐकू येणार नाही.

असाच एक छुपा रुस्तम म्हणजे पुरवठ्याच्या तारांचा रस्ता. नेहमीच्या एबी वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये प्लस आणि मायनस बाजूचे ट्रान्झिस्टर आळीपाळीने काम करतात. त्यामुळे त्यांना वीज पुरवणाऱ्या प्रत्येक तारेतून गाण्याचा अर्धाच, कापलेला आकार वाहत असतो. ही तार इनपुटजवळून किंवा फीडबॅकच्या (चुका सुधारण्यासाठी आउटपुट मागे नेणाऱ्या) मार्गाजवळून गेली, की तिच्या चुंबकीय क्षेत्रातून तो कापलेला आकार सिग्नलमध्ये शिरतो. सर्किट तेच, सगळे पार्ट तेच, फक्त तार दोन बोटं सरकवली किंवा दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिला, की डिस्टॉर्शनचा, म्हणजे सिग्नलच्या विकृतीचा, आकडा कित्येक पटींनी खाली येतो. ट्रान्सफॉर्मरचंही तसंच. बसवताना तो जागच्या जागी थोडा फिरवला तरी हम, म्हणजे विजेची गुणगुण, कमी-जास्त होतो, आणि अनुभवी कारागीर मीटर लावून तो कोन शोधतो.

ही खरी कारागिरी. ती पार्टच्या नावात किंवा किमतीत नसते, कोणाशेजारी कोण बसलंय त्यात असते. फोटो पाहून ती ओळखायला सरावलेली नजर लागते, म्हणून विकणारेही तिच्यापेक्षा कपॅसिटरच्या लेबलवर जास्त बोलतात.

पार्टचा प्रकार आणि पार्टचं नाव

कपॅसिटर आणि रेझिस्टर हे हाय-एंड जगातले मानाचे गणपती. एकेका कपॅसिटरसाठी हजारो रुपये मोजणारे लोक आहेत. यात तथ्य किती?

प्रकार बदलला की फरक पडतो, हे मोजून दाखवता येतं. स्वस्त सिरॅमिक कपॅसिटरांतला एक्स७आर हा प्रकार घ्या. त्यावर जसा व्होल्टेज वाढतो तशी त्याची क्षमताच बदलते. गाण्याच्या मार्गात, फिल्टरमध्ये तो बसवला तर तो सिग्नल वाकवतो आणि ते मीटरवर स्पष्ट दिसतं. त्याच सिरॅमिकमधल्या सी०जी प्रकाराला हा दोष जवळजवळ नाही, आणि तो काही सोन्याच्या भावाने मिळत नाही. रेझिस्टरमध्ये जुन्या कार्बन कंपोझिशनपेक्षा मेटल फिल्म कमी आवाज करतो. मेटल फिल्म रेझिस्टर तर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पुडीने मिळतो.

पण योग्य प्रकार निवडल्यानंतर, त्याच प्रकारातल्या साध्या पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटरऐवजी वीसपट महाग पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर लावला, तर मोजमापात सांगण्यासारखं काही बदलत नाही. सिग्नलच्या मार्गातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदनाम आहे, तोही पूर्ण खरं कारण न सांगता. त्याच्या दोन टोकांत सिग्नलचा व्होल्टेज तयार झाला तरच तो डिस्टॉर्शन करतो, आणि हे मुख्यतः खालच्या स्वरांत होतं. डिझाइन करणाऱ्याने गरजेपेक्षा दहापट मोठा कपॅसिटर घातला, तर त्याच्यावर व्होल्टेजच पडत नाही आणि प्रश्न मिटतो. दहापट मोठा म्हणजे इथे चार-पाच रुपयांचा जादा खर्च.

एकच आवाज, दोन पोटं

आतल्या मालमसाल्याने आवाज ठरतो असं मानणाऱ्यांना अडचणीत टाकणारी एक गोष्ट १९८५ साली घडली. बॉब कार्व्हर हा अमेरिकन इंजिनिअर. ‘स्टिरिओफाइल’ मासिकाला त्याने आव्हान दिलं, की तुम्हाला आवडणारा कुठलाही ॲम्प्लिफायर आणा, मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा आवाज हुबेहूब तसा करून दाखवतो. मासिकाने आणला कॉनरॅड-जॉन्सनचा प्रीमियर फाइव्ह, भलामोठा आणि भलताच महाग, व्हॉल्व्हवर (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांवर) चालणारा.

कार्व्हरची पद्धत साधी आणि निर्दय होती. दोन्ही ॲम्प्लिफायरना एकच गाणं द्यायचं आणि त्यांच्या आउटपुटमधला फक्त फरक एका स्पीकरला जोडायचा. स्पीकरमधून जे ऐकू येईल तेवढाच दोघांतला भेद. मग आपल्या यंत्रात बारीक बदल करत जायचं, तो स्पीकर जवळपास गप्प होईपर्यंत. दोन-एक दिवस खपून त्याने फरक सुमारे ७० डेसिबल खाली आणला, म्हणजे मूळ सिग्नलच्या तीन हजाराव्या हिश्श्यापर्यंत. मग मासिकाच्या कसलेल्या कानांना दोघांत भेद करता आला नाही.

एकाच्या पोटात व्हॉल्व्ह आणि वजनदार आउटपुट ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्याच्या पोटात ट्रान्झिस्टर. पार्ट वेगळे, वजन वेगळं, आवाज एक. कार्व्हरने बदललं काय, तर फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (खालचे-वरचे स्वर किती सारखे वाढतात ते), आउटपुटचा रोध, थोडंफार डिस्टॉर्शन, असे मोजता येणारे गुण. ॲम्प्लिफायरचा आवाज या गुणांतून येतो. आतले पार्ट हे गुण घडवतात हे खरं, पण वेगवेगळ्या वाटांनी तिथे पोचता येतं.

याची दुसरी बाजू जपानने दाखवली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ४७ लॅबोरेटरीच्या जुंजी किमुरांनी गेनकार्ड नावाचा तळहातावर मावेल असा ॲम्प्लिफायर काढला. आत नॅशनल सेमिकंडक्टरची एलएम ३८७५ ही काही डॉलरची आयसी आणि एका चॅनलला मोजून नऊ पार्ट. पुरवठ्याचा वेगळा डबा धरून अमेरिकेत किंमत ३,००० डॉलरच्या वर गेली. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. आत काय आहे हे कळल्यावर जगभरच्या हौशी लोकांनी घरच्या घरी त्याच्या नकला बनवल्या, त्यांना ‘गेनक्लोन’ असं नावच पडलं. किमुरांनी फसवलं का? मला नाही वाटत. कमीत कमी पार्ट आणि आखूडात आखूड मार्ग ही त्यांची भूमिका होती आणि ती त्यांनी लपवली नाही. पण पोट उघडून किंमत ठरवणाऱ्याला ते यंत्र पचणं अवघडच.

आणि नॅड कंपनीचा ३०२० हा ॲम्प्लिफायर. १९७८ चा, एरिक एडव्हर्डसन यांनी रचलेला, २० वॅटचा, बाहेरून अगदीच गरीब दिसणारा. आउटपुटला २एन३०५५ आणि त्याचा जोडीदार, म्हणजे आपल्याकडे ज्याने कोणी कधी सोल्डरिंग गन हातात धरली त्याच्या ओळखीचा ट्रान्झिस्टर. तरी जास्त प्रवाह मागणारे कठीण स्पीकरही तो आरामात ओढायचा, कारण क्षणभर लागणारा जास्तीचा प्रवाह देण्याची तयारी त्याच्या रचनेतच होती. बटणं आणि सॉकेट मात्र सुमार, आणि पन्नाशीकडे झुकलेले जे नॅड ३०२० आज दुरुस्तीच्या टेबलावर येतात ते बहुतेक खरखरणारे स्विच आणि व्हॉल्यूम घेऊनच येतात.

खरा हिशेब वर्षांचा

इथे बांधणीचा मुद्दा नीट सुरू होतो. यंत्र नवं असताना कसं वाजतं, याहून ते दहाव्या आणि विसाव्या वर्षी कसं वाजतं यात आतला माल बोलतो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या पोटात ओलसर रसायन असतं आणि ते हळूहळू सुकतं. त्याच्या अंगावर ‘८५ अंश’ किंवा ‘१०५ अंश’ छापलेलं असतं. त्या तापमानाला तो किती तास टिकेल ते कंपनीच्या तक्त्यात असतं, समजा २,००० तास. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. आता ॲम्प्लिफायरच्या आत कपॅसिटरपाशी ६५ अंश आहेत असं धरा. जळगाव-नागपूरकडच्या मे महिन्यात, बंद कपाटात, हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांना) खेटून बसलेल्या कपॅसिटरला एवढं तापमान सहज मिळतं. ८५ अंशवाला तिथे चौपट म्हणजे ८,००० तास टिकेल. रोज चार तास ऐकलं तर साडेपाच वर्षं. १०५ अंशवाला सोळापट, ३२,००० तास, म्हणजे बावीस वर्षांच्या आसपास. दोघांच्या किमतीत फरक काही रुपयांचा. तोच कपॅसिटर हीटसिंकपासून चार बोटं लांब बसवून १० अंश वाचवले तर आयुष्य पुन्हा दुप्पट, आणि तेही फुकट.

दुसरा आकडा व्होल्टचा. समजा आतला पुरवठा ४७ व्होल्टचा आहे आणि कंपनीने ५० व्होल्टचे कपॅसिटर लावलेत. २३० व्होल्टला सगळं ठीक. पण रात्री उशिरा, आजूबाजूचे एसी आणि पंप बंद झाले की आपल्याकडे बऱ्याच भागांत वीज २५० पर्यंत चढते. मग तेच ४७ व्होल्ट ५१ होतात, आणि ५० चा कपॅसिटर आपल्या मर्यादेबाहेर काम करू लागतो. असे कपॅसिटर डोक्यावर फुगतात. विचार करणारा निर्माता तिथे ६३ व्होल्टचाच लावतो. आतली बांधणी तपासायची तर ब्रँड वाचण्याआधी हे दोन आकडे वाचावेत.

२००० च्या आसपास तैवानमधून आलेल्या सदोष कपॅसिटरांनी जगभर कहर केला होता. आतल्या रसायनाचं मिश्रणच चुकलेलं. संगणकांचे मदरबोर्ड तर दोन-तीन वर्षांत माना टाकत होते. म्हणून चांगल्या कंपनीचा कपॅसिटर घ्यावा हे खरं. पण ते टिकण्यासाठी, आवाजात ‘मखमल’ येते म्हणून नव्हे.

बाकीचे आजार हवामानाचे. कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत सॉकेट आणि रिलेचे संपर्क काळे पडतात, एक बाजू मधूनच गायब होते. पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंद ठेवलेलं यंत्र चालू केलं की व्हॉल्यूम खरखरतो. व्हॉल्यूमचा साधा कार्बन पोटेन्शियोमीटर हा सगळ्यात आधी झिजणारा भाग; सीलबंद, दर्जेदार पॉट किंवा रिलेवर चालणारा व्हॉल्यूम कंट्रोल इथे पैसे वसूल करतो. झाकणाच्या जाळीची भोकं मोठी असतील तर मुंग्या आणि पाली आत शिरतात. पाल पुरवठ्याच्या दोन टोकांवर पडली तर तीही जाते आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टरही. जुन्या जपानी यंत्रांत मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून लावलेला पिवळट गोंद वर्षांनंतर तपकिरी होतो, वीज वाहू लागतो आणि शेजारच्या पार्टचे पाय खातो. तो खरवडून काढणं हेच कित्येक दुरुस्त्यांचं अर्धं काम असतं.

आणि सोल्डर. तापणं-थंड होणं हजारो वेळा घडलं की जड पार्टच्या पायांशी बारीक तडा जातो, ज्याला दुरुस्तीवाले ड्राय सोल्डर म्हणतात. स्पीकरची टर्मिनल आणि इनपुटची सॉकेट थेट बोर्डावरच उभी असतील, तर केबल ओढताना प्रत्येक हिसका त्या सोल्डरला बसतो. तीच मागच्या पत्र्याला नटाने आवळून मग तारेने बोर्डाला जोडली असतील तर बोर्ड सुखरूप राहतो. ही एक गोष्ट फोटोतही ओळखता येते.

याच्या जोडीला दुरुस्ती करता येणं. काही महागड्या कंपन्या आयसीवरचे नंबर घासून काढतात, काही अख्खं सर्किट इपॉक्सीत बुडवून टाकतात. कारण सांगतात गुपित राखण्याचं किंवा कंप पावू नये म्हणून. कंपनी चालू आहे तोवर ठीक. ती बंद पडली, की त्या लाखभराच्या यंत्राला लॅमिंग्टन रोडवरचा अतिशय हुशार कारागीरही हात लावू शकत नाही. मी तर नंबर घासलेली आयसी दिसली की त्या यंत्रापासून दूरच राहतो. आत बाजारात मिळणारीच आयसी असते, आणि ती आहे हे सांगायची लाज वाटावी असं त्यात काही नसतं.

जिथे बांधणी म्हणजेच आवाज

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल हे सगळं म्हटलं, पण जिथे यंत्रात काही हलतं तिथे नियम बदलतात.

स्पीकरचं खोकं स्वतःच वाजतं. बीबीसीने १९७० च्या दशकात एलएस३/५ए हा जेमतेम फूटभर उंचीचा मॉनिटर, म्हणजे कार्यक्रमाचा आवाज पारखायचा स्पीकर, बनवला, बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत मावेल असा. त्याच्या भिंती जाड नाहीत. मुद्दामच पातळ बर्च प्लायच्या आहेत, आतून डांबरी थर लावून जड केलेल्या. भिंत जाड आणि ताठ केली की तिचा कंप वरच्या स्वरांत सरकतो, जिथे माणसाचा आवाज असतो आणि कान जास्त तिखट असतात. पातळ आणि दाबलेली ठेवली की तो कंप खाली राहतो आणि लवकर मरतो. कोपऱ्यांच्या आतल्या पट्ट्या बीच लाकडाच्याच हव्यात, पाइनच्या चालणार नाहीत, इथवर बीबीसीच्या लोकांनी काटेकोरपणा केला, कारण लाकूड बदललं की आवाज बदलल्याचं त्यांना आढळलं होतं. १९८० च्या दशकात बी अँड डब्ल्यू या स्पीकर कंपनीने उलट वाट धरली. मॅट्रिक्स मालिकेत खोक्याच्या आत आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळीच बसवली. दोन्ही वाटा चालल्या, कारण दोन्हीकडे मोजमाप करून विचार केला होता. पाठीला बोटाने टकटक केल्यावर पोकळ वाजणारा महाग स्पीकर मात्र दोन्हींपैकी काहीच करत नसतो.

स्पीकरच्या आतला क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे आणि वरचे स्वर वेगळे करून वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर) आणि ट्विटर (वरच्या स्वरांचा) यांना वाटून देणारं सर्किट, तोही असाच. तिथल्या कॉइलची तार बारीक असेल तर तिचा रोध वूफरच्या मार्गात येतो. लोखंडी गाभा लहान असेल तर मोठ्या आवाजाला तो भरून जातो आणि बास फाटतो. इथे जाड तारेची, मोठी, जड कॉइल खरोखर ऐकू येते. बाहेर पियानोसारखी चकाकी आणि आत बोटभर क्रॉसओव्हर असे स्पीकर मी पाहिले आहेत. ॲम्प्लिफायरच्या आतल्या फोटोंवर तासन्‌तास चर्चा करणारे लोक स्पीकरचं पोट उघडून बघत नाहीत, हे मला नेहमीच उलटं वाटतं.

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवणारं यंत्र, तर पूर्ण यांत्रिक. सुई वाचते ते खोबणीचे चढउतार मायक्रॉनमध्ये मोजायचे, आणि मूव्हिंग कॉइल प्रकारचं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) देतं ते अर्ध्या मिलिव्होल्टच्याही आत. बेअरिंग जरा सैल असलं, मोटर जरा थरथरली, तर तीही त्याच प्रमाणात वाढून स्पीकरमधून बाहेर येते. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा १९७२ पासूनचा. एमके२ या आवृत्तीत तबकडीलाच चुंबक जोडून तिला मोटरचा भाग केलं, बेल्ट नाही, गिअर नाही. डीजेंनी वर्षानुवर्षं रात्रंदिवस घासूनही ही यंत्रं चालत राहिली. २०१० मध्ये उत्पादन थांबलं, पण मागणी हटेना, म्हणून २०१६ मध्ये कंपनीला ते पुन्हा काढावं लागलं. आतल्या बांधणीसाठी पैसे मोजावेत याचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

रिकामं खोकं

शेवटी त्या फोटोंबद्दल, ज्यांवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. लाखाच्या घरातला ॲम्प्लिफायर, आत मधोमध एक छोटा बोर्ड, बाकी मोकळी जागा. लगेच ‘लुटलं’ची ओरड.

डी वर्गाच्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून त्याला मोठे हीटसिंक लागत नाहीत, आणि स्विचिंग पुरवठा असेल तर जड ट्रान्सफॉर्मरही लागत नाही. रिकामी जागा हा त्याचा दोष नाही. नेदरलँड्सच्या हायपेक्स कंपनीचे एनकोर मॉड्यूल नॅडच्या एम२२ मध्येही आहेत आणि मरांट्झच्या पीएम-१० मध्येही. अमेरिकेतल्या जेफ रोलंड यांनी एकसंध ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेल्या पेट्यांत डेन्मार्कचे आइसपॉवर मॉड्यूल बसवून विकले, आणि ते लपवलं नाही. अशा यंत्रात पैसे जातात ते मुख्यतः पेटीत. थोड्या संख्येने माल काढणाऱ्या छोट्या कंपनीला आतल्या कोणत्याही पार्टपेक्षा ती कोरीव पेटी महाग पडू शकते. पेटी आवडली म्हणून पैसे दिले तर त्यात गैर काही नाही. ती पेटी वाजते असं कोणी सांगू लागलं तर मात्र कान टवकारावेत.

उलट, पोट गच्च भरलेलं आणि ४० किलोचं यंत्र चांगलंच असतं असंही नाही. ए वर्गाच्या ॲम्प्लिफायरला ते वजन लागतंच, कारण गाणं चालू असो वा नसो, तो शेगडीसारखा तापतो. पण एबी वर्गात ८ ओहमला १०० वॅट द्यायला एवढा डामडौल लागत नाही, आणि आपण घरी ऐकताना बहुतेक वेळ एक-दोन वॅटच वापरत असतो.

वापरलेलं महाग यंत्र घ्यायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आतला फोटो जरूर मागा. त्यात मोठ्या कपॅसिटरांची डोकी सपाट आहेत का, त्यांच्या मुळाशी तपकिरी गोंद आहे का, बोर्डावर करपलेले पट्टे आहेत का, आयसीचे नंबर वाचता येतात का, मागची सॉकेट पत्र्याला आवळली आहेत का, हे बघा. प्रत्यक्ष गेलात की व्हॉल्यूम अगदी खाली ठेवून डावी-उजवी बाजू सारखी वाजते का ते तपासा, आणि नॉब फिरवताना खरखर येते का तेही. सर्व्हिस मॅन्युअल मिळतं का, हे विकणाऱ्यावर न सोडता इंटरनेटवर स्वतः शोधा. यंत्र वीस वर्षांचं आणि कपॅसिटर मूळचेच असतील, तर सगळे बदलण्याचा खर्च आधी आपल्या कारागिराकडून विचारून घ्या आणि मगच भावाला बसा.